पाचशे मीटरचे पत्र

२७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहिले. मजकूर मोजक्या ओळींचा. किनाऱ्यांची चाललेली नासधूस काळजी वाटावी अशी आहे. किनाऱ्याला सौंदर्याचे मोल असते तसेच पर्यावरणाचेही असते. तेव्हा कमाल भरतीच्या पाण्यापासून निदान पाचशे मीटर जागा सगळ्या उलाढालींपासून मोकळी राहिली पाहिजे. जिथे धूप होत असेल तिथे झाडे लावा, पण किनाऱ्याची शोभा घालवू नका. कारखान्यांची आणि शहरांची घाण तिथे येऊ देऊ नका. आशय एवढाच.

महाराष्ट्रात त्या वेळी मुख्यमंत्रीपदी बॅ. अ. र. अंतुले होते. म्हसळा तालुक्यातले आंबेत हे त्यांचे गाव. त्याच वर्षाच्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. म्हणजे किनारा वाचवा असे सांगणारे पत्र किनाऱ्याच्याच माणसाकडे आले होते. पण पुढच्या दीड-दोन महिन्यांत सिमेंट प्रकरणी न्यायालयाचा निकाल आला, अंतुल्यांना पद सोडावे लागले आणि राज्याचे लक्ष भलतीकडेच गेले. पत्र मात्र टिकले. १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिच्यात पाचशे मीटरचा तोच आकडा होता. आज पेण किंवा रोह्याच्या तलाठी कार्यालयात कुणी ‘सीआरझेड लागलाय’ असे म्हणाले, तर त्या पाच अक्षरांच्या मागे दिल्लीहून निघालेले ते जुने पत्र उभे असते. ‘सीआरझेड’ हा शब्द आता इथे मराठीच झाला आहे. साडेसाती लागावी तसा तो लागतो.

बँकेच्या नोकरीत माणसाला दोन गोष्टी आपोआप कळू लागतात: नोटांचा वास आणि पत्रांची जात. परिपत्रक ही एक जात. ते सगळ्यांना येते, म्हणून कुणालाच येत नाही. फाइलला लागते आणि तिथेच म्हातारे होते. स्मरणपत्र ही दुसरी. ते परिपत्रकाच्या विस्मरणाची पोचपावती असते. तिसरी जात अर्धशासकीय पत्राची. वरचा साहेब नावाने हाक मारून लिहितो, खाली पदाचा शिक्का न मारता सही करतो. असे पत्र टेबलावर आले की शाखेत शांतता पसरते, कारण हे कुणाला तरी खरोखर हवे आहे, असे त्यातून दिसते. १९८१चे पत्र मला या तिसऱ्या जातीचे वाटते. किनारा मोकळा राहावा असे लिहिणारीला मनापासून वाटत होते. ते तसे का वाटत होते, याचा माग काढायचा तर आणखी जुनी पत्रे उघडावी लागतात.

१९२८च्या उन्हाळ्यात इंदिरा मसुरीला होती आणि जवाहरलाल अलाहाबादेत. दहा वर्षांच्या मुलीला बापाने तीस पत्रे लिहिली. पृथ्वी कशी झाली, पहिले जीव कोणते, माणूस कुठून आला, असा त्यांचा विषय. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक झाले. नेहरूंना आपण बॅरिस्टर आणि इतिहासकार म्हणून ओळखतो. केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली होती, विषय रसायन, भूगर्भ आणि वनस्पती, हे सहसा आठवत नाही. ओढ्यातला गोटा गुळगुळीत का झाला, हे मुलीने स्वतः ओळखावे, असा त्या पत्रांचा रोख आहे. राज्यकर्त्या घरातल्या मुलीला वंशावळी सांगणारे पुष्कळ असतात. तिला गोट्याची कुळकथा सांगणारा बाप तसा विरळाच.

त्यानंतर तुरुंग आले. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले. नेहरू तेव्हा डेहराडूनच्या तुरुंगात होते. त्यांनी ते पुस्तक मुलीकडे धाडले. तोवर पक्षी आपण गृहीत धरले होते, या पुस्तकाने एक नवे जग दाखवले, असे इंदिराबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ या काळात नेहरूंनी भुईत खपून बाग फुलवली, हे आपल्याकडे माहीत आहे. १९५०च्या सुमारास दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची एक संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत इंदिराबाई होत्या. त्या वेळी त्यांच्याकडे कसले पदही नव्हते. हे सांगायचे कारण एवढेच की, वन्यजीव कायदा (१९७२), स्टॉकहोमची पर्यावरण परिषद (तेही १९७२, यजमान देशाचे पंतप्रधान सोडले तर तिथे गेलेल्या त्या एकट्याच सरकारप्रमुख) आणि व्याघ्रप्रकल्प (१९७३) या गोष्टी कुणा सचिवाने सुचवलेल्या ‘योजना’ नव्हत्या. त्यांच्यामागे वीस-तीस वर्षांचे वाचन, पाहणे आणि पत्रव्यवहार होता. जयराम रमेश यांनी २०१७ साली त्यांच्या निसर्गजीवनावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिले, ते याच पत्रांच्या, टिपणांच्या आणि फाइलींवरच्या शेऱ्यांच्या आधाराने. राजकीय चरित्रांत न भेटणारी एक बाई त्यात भेटते.

या पत्रव्यवहाराचे दुसरे टोक आपल्या जिल्ह्यात होते. सलीम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. बेकार माणूस बायकोला घेऊन किहीमला येऊन राहिला. किहीम अलिबाग तालुक्यात, पेणहून फार तर तासाभराच्या वाटेवर. तिथे पावसाळ्यात त्यांनी सुगरणीची घरटी दिवसचे दिवस जवळून पाहिली. घरटे विणतो नर. अर्धवट विणले की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पाहणी करते. तिला पसंत पडले तर ती राहते, मग नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरे घर बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली यावर त्यांचा लेख आला आणि त्यांचे नाव झाले. मराठीने मात्र त्या पाखराला ‘सुगरण’ म्हणून सगळे श्रेय बाईच्या पदरात टाकले आहे. बहिणाबाईंच्या खोप्यामुळे ते आता तिच्याकडून काढून घेण्याची कुणाची प्राज्ञा नाही, आणि काढूही नये.

किहीमच्या या बेकार माणसाला पुढे पंतप्रधानांना थेट पत्र लिहिता येऊ लागले. नॅचरल हिस्टरी सोसायटीची आर्थिक ओढाताण झाली तेव्हा त्यांनी नेहरूंना लिहिले आणि मदत मिळवली. भरतपूरची पाणथळ शेतीसाठी कोरडी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचवली. इंदिराबाईंच्या काळात तर हा राबता वाढलाच. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार होते. शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि कवींनी रान उठवले, सलीम अलींनीही आपले वजन टाकले. १९८३ साली धरणाचा बेत सोडण्यात आला आणि १९८४च्या नोव्हेंबरात, इंदिराबाईंच्या हत्येनंतर पंधरा दिवसांनी, ते राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

म्हणून या पत्रव्यवहाराची आरतीच करावी काय? तसे नाही. आणीबाणीच्या कागदावरची सही आणि वाघांच्या कागदावरची सही एकाच हाताची होती. पंतप्रधान पाखरे ओळखतात एवढ्यावर एखादे जंगल वाचावे, ही लोकशाहीची तब्येत ठणठणीत असल्याची खूण नव्हे. आणि सगळीकडे वाचले असेही नाही. किहीमला लागूनच थळ-वायशेत येथे खतकारखाना होऊ घातला, तेव्हा जागेवरून पुष्कळ वाद झाला. मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. कारखाना तिथेच उभा राहिला. सुगरणींच्या किनाऱ्याला एवढ्या ओळखीपाळखीचा उपयोग झाला नाही. देशाला युरिया हवा होता आणि गॅस मुंबईच्या समुद्रातून येत होता. अशा वेळी पत्रे वाचायची राहून जातात.

तरीही मला या पत्रव्यवहाराचे अप्रूप वाटते, आणि त्याचे कारण रोह्याशी जोडलेले आहे. रोहेकरांना चिंतामणराव देशमुख सांगायला नकोत. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी जन्म, वडील रोह्याला वकील, बालपण रोह्याचे. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हा बँकवाल्यांच्या दृष्टीने देव्हाऱ्यातलेच. १९५२ साली कुलाब्यातून ते लोकसभेवर गेले, नेहरूंचे अर्थमंत्री होते, आणि १९५६च्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा तोंडावर ठेवला. महाराष्ट्राच्या मनात ते कायमचे बसले ते त्या राजीनाम्यामुळे. पण त्यांनीही केंब्रिजला निसर्गविज्ञानच घेतले होते. १९१७ साली वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. आणि नंतर आय. सी. एस.च्या परीक्षेला बसून त्यात पहिले आले. म्हणजे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाचा पंतप्रधान आणि देशाचा अर्थमंत्री हे दोघेही फुलाच्या पाकळ्या, पुंकेसर मोजायला शिकलेले होते. सलीम अलींचाही जन्म १८९६चाच, नोव्हेंबरचा. एका जिल्ह्याशी जडलेली ही दोन माणसे एका वर्षाची. एक पाखरांकडे गेला, एक पैशांकडे.

चिंतामणरावांनी मेघदूताचे मराठी रूपांतर केले, संस्कृतात कविता लिहिल्या. मेघदूताचा पूर्वार्ध उघडला तर कुटज, केतक, कदंब, कंदली, जांभूळ अशी झाडे ओळीने भेटतात. कुटज म्हणजे आपला कुडा. पहिल्या पावसाच्या आगेमागे रोह्याच्या डोंगरउतारावर तो पांढरा फुललेला असतो. ज्याने हे झाड लहानपणी डोंगरात पाहिले आणि पुढे वनस्पतिशास्त्रात त्याच्या कुळाचा अभ्यास केला, त्याच्या हातून कालिदासाचा ढग मराठीत यावा, हा योग मला त्यांच्या अंदाजपत्रकांहून मोठा वाटतो. पण तो झाला खासगी छंद. या वनस्पतिशास्त्राचा त्यांच्या अर्थखात्याशी संबंध जोडणारे काही लोकांच्या स्मरणात नाही. नेहरू आणि देशमुख यांच्यातला जो व्यवहार आपण आठवतो तो मुंबईचा, भाषावार प्रांतांचा. ते स्वाभाविकच आहे. मात्र त्याच वर्षांत देशात धरणे, खारभूमी, जंगलतोड यांवरचे निर्णय होत होते. दोन वनस्पतिशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसूनही त्यांच्यात त्या विषयावर पत्रापत्री झाली असती तर काय झाले असते, असा कादंबरीवाल्याचा प्रश्न मला अधूनमधून पडतो. प्रश्न सोडून देतो, कारण त्याचे उत्तर कल्पनेनेच द्यावे लागेल.

आता मुद्द्याच्या जागी, म्हणजे पेणच्या खारीत येऊ. इंदिराबाईंच्या पत्रात जो किनारा आहे तो वाळूचा किनारा आहे. पुळण, नारळी, सूर्यास्त. कोवळम, गोवा, किहीमसुद्धा. पेण-रोह्याचा किनारा तसा नाही. इथे समुद्र खाडीच्या वाटेने घरात येतो. पेणकडे तो धरमतरच्या खाडीतून येतो, आंबा नदी नागोठण्याकडून तिला मिळते. रोह्याकडे तो रेवदंड्याहून कुंडलिकेतून वर चढतो. चिखल, तिवरांची रांग, निवट्यांच्या उड्या, ओहोटीला उघडी पडणारी काळी पोटे. पर्यटकाने छायाचित्र काढावे असे फारसे काही नाही. थंडीत मात्र तुतवार आणि चिखले हजारो मैलांवरून येऊन या चिखलात चोची खुपसत फिरत असतात.

आणि या चिखलाच्या मागे, भरतीच्या पातळीखाली, भातशेती आहे. हे नवख्या माणसाला सांगितले तर खरे वाटत नाही. समुद्र बाहेर उंच, शेत आत खोल, मध्ये मातीचा बांध. बाहेरच्या मोठ्या बांधाला इथे ‘बाहेरकाठा’ म्हणतात. पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि भरतीला खारे आत येऊ नये, म्हणून त्यात झडपा बसवलेली ‘उघाडी’ असते. खाऱ्या जमिनीत तगणारा काळा रता भात, शेततळ्यात वाढवलेला जिताडा, बांधाच्या बिळातल्या चिंबोऱ्या, हे सारे या मातीच्या भिंतीवर उभे. पूर्वी शिलोत्रीची पद्धत होती. ज्याने खाजण उठवून बांध घातला, त्याच्याकडे बाहेरकाठा राखण्याची जबाबदारी, त्यासाठी कसणाऱ्यांकडून वेगळा हिस्सा. कुळकायद्यानंतर जमीन कसणाऱ्याची झाली, ते न्याय्यच झाले, पण बांधाचा वाली गेला. १९४८चा खारजमिनींचा कायदा आणि पुढे १९७९चा खारभूमी विकास कायदा आला. बांधाची जबाबदारी सरकारच्या खात्याकडे गेली आणि ज्या गोष्टीसाठी पूर्वी रात्री कंदील घेऊन गाव धावत होता, तिच्यासाठी अंदाजपत्रकाची वाट पाहणे सुरू झाले.

बांध फुटतो तो उधाणाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला बांधात ‘खांड’ पडते. ती बांधायची ती भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढते तेव्हा. या दोन-चार दिवसांत खांड बांधली नाही, तर पुढचे उधाण ती दुप्पट रुंद करते. इथला साधा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. वेधशाळेचे कोष्टक पाहावे लागत नाही. माझ्या मते हे निसर्गविज्ञानच आहे. केंब्रिजचे नसले म्हणून काय झाले. फरक इतकाच की या विज्ञानाने कुणा पंतप्रधानाला कधी पत्र लिहिले नाही.

त्याचा परिणाम पुढे दिसला. खांड बांधली गेली नाही की शेतात खारे पाणी बसते. दोन-तीन वर्षे भात नाही. भरतीबरोबर तिवराची बी आत येते, चिखलात रुजते. पाच-सात वर्षांत माणूसभर उंचीचे रान होते. पेण तालुक्यात बँकेत असताना मी असे शेतकरी पाहिले की ज्यांच्या हातातल्या सातबाऱ्यावर भात होते आणि बांधावर उभे राहून पाहिले तर तिवरे होती. पीककर्जाच्या अर्जावर कोणते पीक लिहावे, असा प्रश्न त्यातल्या एकाने मला विचारला होता. तो उपहासाने विचारत नव्हता.

इथे पाचशे मीटरचे पत्र परत येते, आता कायद्याच्या वेषात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, जमीन सरकारी असो वा खासगी. २०१८च्या सप्टेंबरातल्या अंतिम निकालाने ती कायम केली. मी या निकालाच्या बाजूचा आहे. मुंबई-ठाण्याच्या खाड्या भराव घालून गिळल्या जात होत्या, तिथे याशिवाय दुसरा उपाय नव्हता. किनारा नियमनाची अधिसूचनाही २०११ साली नवी झाली, २०१९च्या जानेवारीत आणखी नवी झाली. तिच्यात एक कलम पेणसाठीच लिहिल्यासारखे आहे. १९९१पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीची रेषा त्या बांधावरच धरायची. चांगले आहे. पण बांधाच्या आत खारे पाणी शिरून जिथे खारफुटी उगवली असेल, ती जागा सर्वांत कडक वर्गात जाईल आणि दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरता येणार नाही. म्हणजे रेषा बांधावर आणि बंधन शेतात. बांध कुणी फुटू दिला, खांड किती वर्षे उघडी राहिली, हे विचारायला त्या कलमात जागा नाही. शेतकऱ्याचे भात सरकारी विलंबाने गेले आणि त्याची जमीन सरकारी काळजीने गेली.

दुसरीकडे त्याच २०१९च्या अधिसूचनेने मूळ पत्रातला धाक पुष्कळ कमी केला. दर चौरस किलोमीटरला २१६१ माणसांहून दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामाला मनाई असलेला पट्टा पूर्वी दोनशे मीटरचा होता, तो पन्नासवर आला. खाडीकाठी पूर्वी निदान शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी असेल ते धरत, तिथेही आता पन्नासचा आकडा आला. समुद्राकाठी हॉटेल बांधू पाहणाऱ्याला दीडशे मीटर मिळाले आणि समुद्राने शेत घेतलेल्याला काही मिळाले नाही. पाचशेपासून पन्नासपर्यंतच्या या उतरंडीत प्रत्येक पायरीवर कुणीतरी सरकारला पत्र लिहिलेच असणार. ती कुणाची होती, याचा अंदाज बांधायला बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नाही.

रोह्याचा पेच आणखी निराळा. खाडीच्या आत नियमन कुठवर लागू करायचे, तर कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा दर हजारी पाच भाग असेल तिथवर, असा निकष आहे. वाचायला शास्त्रीय. पण कुंडलिका ही उन्हाळ्यात आपल्या बळावर वाहणारी नदी नाही. मुळशीचे पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून १९२७पासून तिच्यात सुटते, म्हणून ती वैशाखातही भरलेली दिसते. या पाण्यासाठीच मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला होता. तेव्हा रोह्याखाली खारेपणाची रेघ कुठे पडते, हे समुद्र एकटा ठरवत नाही. वर वीज किती काढली आणि पाणी किती सोडले, यावरही ते ठरते. त्यात धाटावच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी. नदी खारी आहे की गोडी हे मोजणारा नियम आहे, आणि ती कुठल्या कारखान्याच्या रंगाची आहे हे मात्र नाकाने ठरवावे लागते. इंदिराबाईंच्या पत्रातली कारखान्यांच्या घाणीबद्दलची ओळ हीच त्यातली सर्वांत दुर्लक्षित राहिली. पाचशे मीटरवर चाळीस वर्षे वाद झाले. त्या ओळीवर वादही झाला नाही.

ज्ञानी माणसाने सत्तेला लिहिलेले पत्रही अपुरे असू शकते, याचे उदाहरण भरतपूरचेच आहे. पाणथळीत म्हशी चरतात, त्यामुळे पक्ष्यांची हानी होते, असे त्या काळच्या तज्ज्ञांचे मत होते, सलीम अलींचेही. १९८२ साली चराई बंद झाली. नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच वर्षानुवर्षे मोजमाप करून दाखवले की, म्हशी गेल्यावर गवत माजले, त्याने उघडे पाणी व्यापले आणि पाणपक्ष्यांची जागा उलट आक्रसली. म्हैस त्या पाणथळीचा भागच होती. स्वतःच्या सर्वांत मोठ्या माणसाचे मत चुकीचे ठरवणारा अभ्यास त्या संस्थेने छापला, याबद्दल तिला नमस्कार केला पाहिजे. पण म्हैसवाल्यांना हे आधीपासून ठाऊक असेल, असे विचारायला कुणी गेले नव्हते.

पेणच्या बाहेरकाठ्याचे तेच आहे. बांध, उघाडी, भात, जिताडा, बाहेरची तिवरे आणि आतली माणसे ही सगळी मिळून एक रचना आहे. बाहेर तिवरे असतील तर लाट मोडते आणि बांध टिकतो, हे खारीतला शेतकरी कुणाच्या प्रबोधनावाचून जाणतो. तो बाहेरची तिवरे तोडू देत नव्हता, आतली उगवू देत नव्हता. कायद्याच्या नकाशावर मात्र दोन्ही तिवरे एकाच हिरव्या रंगात येतात. उपग्रहाला बाहेरकाठा दिसतो, पण तो कुणी कशासाठी घातला हे दिसत नाही. खाडीतून मोठमोठे बार्ज कोळसा आणि लोखंडाचा कच्चा माल घेऊन डोलवीकडे जातात, त्यांच्या लाटांनी बांध खचतात, अशी तक्रार काठावरच्या गावांत ऐकू येते. ती खरी किती, खोटी किती, हे मोजायला कठीण नाही. दोन उधाणे आणि दोन भांग पुरतील.

आज पुढाऱ्यांना पत्रे जात नाहीत असे नाही. निवेदने जातात, ढिगाने जातात. ती देतानाचे छायाचित्र निघते आणि निवेदनाचे काम तिथेच संपते. पुढारीही निसर्गाबद्दल बोलतात, अभयारण्यात जीपमध्ये बसून दुर्बीण लावलेले दिसतात. मात्र एखाद्या मंत्र्याने एखाद्या जाणत्याला उलट पत्र लिहून ‘हे असे का होते, मला नीट सांगा’ असे विचारल्याचे कानावर येत नाही. सलीम अली आणि इंदिराबाई यांच्या व्यवहारात मला जे मोलाचे वाटते ते हे विचारणे. आणि त्यात जे कमी पडले तेही हेच, की विचारणे किहीमच्या बंगल्यापर्यंत आले, वाशी-वडखळच्या बांधापर्यंत आले नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. किनारा नियमनाचे नकाशे पुन्हा होतील तेव्हा प्रत्येक खारभूमी योजनेमागे एक कागद जोडावा: बांध कधी बांधला, खांड कोणत्या तिथीला पडली, कळवली कधी, बांधली कधी, आणि आतले पहिले तिवर कोणत्या वर्षी दिसले. पाच नोंदी. त्या गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत आणि ते म्हातारे आता फार उरलेले नाहीत. तलाठी, खारभूमी खात्याचा शाखा अभियंता आणि कांदळवन कक्षाचा वनपाल अशा तिघांनी एकत्र बसून, शेतकऱ्याच्या समोर, त्या लिहून घ्याव्यात. जिथे बांध सरकारी दिरंगाईने फुटला हे त्यावरून ठरेल, तिथे आतल्या खारफुटीबद्दल जमीनमालकाला मोबदला द्यावा. झाडे राहू द्यावीत, पण फुकट नव्हे. पावसाळा संपून चिखल आवळला की खांडी बांधण्याचे दिवस येतात. हा कागद त्यातल्या कोणत्याही भांगाला, एका दुपारात भरता येईल.